वीझर या अमेरिकन रॉक बँडचा ‘पिंकर्टन’ हा दुसरा अल्बम आधी आपटला आणि नंतर क्लासिक ठरला, असं का झालं?

लोकांनी आपटला याचं मला एवढं वाईट वाटत नाही. ज्याने केला त्यानेच पुढे तो लाथाडला, ते लागतं. आणि लागतं त्याला कारण आहे.

२००१ साली आम्ही चौघं नाशिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. मी बास वाजवायचो. आमच्या गायकाच्या मामेभावाने अमेरिकेहून वीझरच्या दोन सीडी आणल्या होत्या, पहिली निळ्या कव्हरची, म्हणून आमच्यासाठी ‘निळी’, आणि दुसरी ‘पिंकर्टन’. निळीवर आमचा जीव. गॅदरिंगला तिच्यातली दोन गाणी वाजवून वन्समोअर घेतला. ‘पिंकर्टन’ मी एकदा ऐकून परत केली. गिटार कर्कश, आणि माणूस गातोय की भांडतोय तेच कळेना. गायकाने मात्र तिची पारायणं केली.

दुसऱ्या वर्षी पठ्ठ्या स्वतःची पाच गाणी घेऊन आला. मराठीत. एक गंगापूर रोडच्या एका मुलीवर, जी पहिल्या रांगेत बसणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एक सातपूरच्या कंपनीला टाळं लागल्यावर घरी बसलेल्या वडिलांवर. वडिलांच्या गाण्यालाच हुर्यो सुरू झाली. ‘हिंदी लाव रे’, मग टाळ्यांचा ठेका, तोही आम्हाला बसवण्यासाठी. तिसऱ्या गाण्याला साउंडवाल्याने परस्पर आवाज उतरवला. मुलगी कधी उठून गेली ते मी पाहिलंच नाही.

त्या गाण्यांची एकच कॅसेट होती, रिकाम्या वर्गात टेपरेकॉर्डर बेंचवर ठेवून केलेली. महिन्याभराने त्याच्या बहिणीची हळद होती. कोरी कॅसेट मिळेना, म्हणून साहेबांनी आमच्यावरच हळदीची गाणी भरली. मी कॉलेज रोडवर, टपरीसमोर, चारचौघांत त्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, ‘गाणी माझी होती, मी पुसली.’ तो आता पुण्यात असतो. दर दिवाळीला हाच वाद.

तर तुमचा प्रश्न. पहिला अल्बम १९९४चा, निर्माता रिक ओकासेक, सगळं घोटून गुळगुळीत केलेलं, लाखांनी खपलं. मग बँडचा गायक आणि गीतकार रिव्हर्स क्वोमोने आधी एक अंतराळातला रॉक ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली एक गोष्ट, लिहायला घेतला, हार्वर्डला गेला, आखूड पायाचं ऑपरेशन करून लोखंडी सळ्यांसकट तिथली थंडी काढली आणि तो ऑपेरा सोडला. एकटेपणा, वैताग, वासना, सगळं जसंच्या तसं लिहिलं. नाव पुच्चिनीच्या ऑपेरातल्या बायकोला सोडून जाणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचं. या वेळी बाहेरचा निर्माता नाही, बँडनेच मुद्दाम ओबडधोबड ठेवलं. सप्टेंबर १९९६मध्ये आला, बिलबोर्डच्या अमेरिकन खपाच्या यादीत १९व्या क्रमांकापुढे सरकला नाही, आणि ‘रोलिंग स्टोन’ या संगीत मासिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातला तिसरा सर्वांत वाईट अल्बम ठरवलं. बासिस्ट मॅट शार्प १९९८ला बाहेर पडला. २००१चा हिरवा अल्बम पुन्हा गुळगुळीत, आणि त्याच सुमारास क्वोमो मुलाखतींत ‘पिंकर्टन’ची लाज वाटते अशा थाटात बोलत होता.

तोवर अल्बम त्याच्या हातातून सुटला होता. सीडी पोरांच्या कपाटात होत्या, इंटरनेटवर चाहते एकमेकांना सापडत होते, आणि इमोवाले, म्हणजे मनातलं दुखणं उघड गाणारे रॉक बँड तोच उघडावाघडा सूर पकडून गात होते. २००२ला त्याच ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला सर्वकालीन यादीत १६वा नंबर दिला. २०१०ला क्वोमो स्वतः स्टेजवर तो अख्खा वाजवत होता. त्याला पुसायचा असता तरी पुसता आला नसता. मी माझ्या मित्राला हेच सांगतो: तुझी एकच कॉपी होती, गाढवा.

‘लोकांना तेव्हा अक्कल नव्हती’ हे मात्र मला पटत नाही. निळ्याच्या नादाने आलेल्यांच्या हातात हे पडलं, मीही तेच केलं होतं. समीक्षाही सगळ्या वाईट नव्हत्या, संमिश्र होत्या. आणि एका जपानी चाहतीच्या पत्रावर बेतलेलं गाणं आज ऐकताना मला अवघडायला होतं, तेव्हा नावं ठेवणारे सगळेच मूर्ख नव्हते. आमची पाच गाणी चांगली होती का, तेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलीवरचं तर रटाळच होतं.

गेल्या वर्षी त्याच्या बहिणीने जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मला एक फाइल पाठवली, ‘हळद संपल्यावर शेवटी हे काय वाजतंय? दादाला विचारलं तर म्हणतो माहीत नाही.’ चाळीसेक सेकंद आहेत. वडिलांच्या गाण्याचा शेवट. बास माझा आहे आणि बेसूर आहे.