भोजाचं पन्हाळ्यावर काय उरलंय?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. सुटीत मुलाला घेऊन पन्हाळ्याला गेलो होतो. राजा भोजाने हा गड बांधला असं त्याच्या पुस्तकात आहे. दिवसभर हिंडून मुलाने विचारलं, ‘बाबा, मग भोजाचा वाडा कुठाय?’ मला सांगता आलं नाही. त्या काळातलं गडावर खरंच काही आहे का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मुलाला शाबासकी द्या. तीस वर्षं शाळेच्या सहली गडावर नेल्या, पण हा प्रश्न मला एकाच मुलीने विचारला होता आणि तेव्हा मीही गप्पच बसले होते.

भोजाचा वाडा शोधत बसलात तर पाय दुखतील. पुस्तकातला हा भोज म्हणजे शिलाहार घराण्यातला राजा, दुसरा भोज. ११९१-९२च्या सुमारास त्याचा दरबार पन्हाळ्यावर होता, हे साताऱ्याला मिळालेल्या ताम्रपटावरून कळतं. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचं राज्य घेतलं. मग बहामनी आले, आदिलशाही आली. ज्याच्या हाती गड गेला त्याने तो आपल्या सोयीने बांधून काढला. त्यामुळे तुम्ही पाहिलंत त्यातलं बरंचसं बिजापुरी बांधणीचं आहे. भोजाला शोधायचं तर बुरूज निरखा. जुन्या बुरुजांपैकी काहींवर कमळ कोरलेलं दिसतं; ती शिलाहारांची खूण मानतात. मोर दिसला तर तो बहामनी वळणाचा. पुढच्या खेपेला मुलाला कमळं शोधायला लावा, मोबाइल आपोआप खिशात जाईल.

पण मला विचाराल तर आधी अंबरखान्यात जा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा सगळ्यात मोठी. आत गेल्यावर छताकडे बघा, प्रत्येक खणाच्या घुमटीला भोक आहे. बाहेरच्या पायऱ्यांनी धान्य वर चढवायचं आणि तिथून खाली ओतायचं. एका सहलीत आमचा एक पोरगा आत उभा राहून ओरडला, ‘बाई, मी भात झालो!’ बाकीची वरून गवताच्या काड्या टाकत होती. मी रागावले, पण कोठार कसं चालायचं ते त्या वर्गाला जन्मभर समजलं. पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात, आणि वीस मणांची एक खंडी! हिशेब मुलाकडून करून घ्या.

मग अंधारबाव. नावाला विहीर, पण आहे तीन मजली. तळाला पाणी, भिंतीत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची वाट. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून एवढा बंदोबस्त. १६६०च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला आणि महाराज जुलैच्या पावसात निसटले. एवढे महिने गड तगला तो तलवारीइतकाच या धान्यावर आणि पाण्यावर. सहलीतले गाइड मात्र पोरांना थेट तोफांपाशी नेतात.

वाड्याचंच म्हणाल, तर ताराराणींचा आहे. १७८२ साली करवीर राज्याची राजधानी खाली कोल्हापुरात आली, पण वरचं गाव उठलं नाही. आजही तिथे नगरपरिषद आहे, धुणी वाळताहेत, झुणका-भाकरीच्या चुली पेटताहेत. माणसं राहत असलेल्या गावात भोजाचं शोधायला कुदळ कुठे मारणार?

खणून काढलेलं जुनं बघायचंच असेल, तर कोल्हापुरात टाउन हॉल म्युझियममध्ये जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या. त्यांतली ग्रीकांच्या पोसायडनची छोटीशी ब्राँझ मूर्ती चुकवू नका. तो समुद्राचा देव आपल्या नदीकाठी कसा आला, हे मुलगा विचारेलच. तेव्हा पुन्हा पत्र टाका.