विंडोज १० चा सपोर्ट संपला; डीटीपीच्या दुकानातल्या तीन जुन्या पीसींचं काय करू?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. वडिलांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, तीन पीसी, तिन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ टाकायला गेलात तर तिन्ही ठिकाणी ‘हा पीसी पात्र नाही’ असा शेरा आला. एक पीसी आय५-८४०० आहे, बाकीचे दोन आय३-४१७०. दुकानात श्रीलिपी (मराठी टायपिंगचं, फाँटचं सॉफ्टवेअर) आहे, जुनं पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आहे, डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन आहे, दोन लेझर प्रिंटर आहेत. मित्र म्हणतो लिनक्स टाक, हार्डवेअरवाला म्हणतो तिन्ही नवे घ्या.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हेच काम करतो. पीसी दुरुस्ती, दुकानांची नेटवर्कं, अधूनमधून कुणाचा तरी उडालेला टॅलीचा डेटा परत आणणं. तुमच्यासारखी बरीच दुकानं या वर्षात हाताखालून गेली. त्यावरून सांगतो, विंडोज की लिनक्स हा प्रश्न शेवटी घ्या. आधी दुकानातली सगळ्यात हट्टी वस्तू शोधा. ती जिथे चालेल तिथेच तुम्हाला जावं लागणार आहे.

डीटीपीवाल्याकडे ती वस्तू म्हणजे बहुतेक वेळा पीसीच्या मागे खोचलेलं लॉक, आपलं डोंगल, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. सॉफ्टवेअर जुनं असलं तरी विंडोज ११ वर उघडतं, पण लॉकचा ड्रायव्हर अडतो. त्याचं कारण सोपं आहे. दोन-तीन जीबी रॅमच्या काळात दुकानांत सर्रास ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असायचं आणि तेच पुढे १० पर्यंत ओढत आणलेलं असतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटचा प्रोग्रॅम त्यावर चालतो, ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. तेव्हा आधी सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये जाऊन तुमचं सध्याचं विंडोज किती बिटचं आहे ते बघा. आज ६४ बिटवर लॉक चालत असेल तर अर्धी लढाई जिंकलात. उरलेली अर्धी ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाच्या, जुने ड्रायव्हर अडवणाऱ्या स्विचशी. विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’ म्हणून भाग आहे, तिथे तो सापडेल. चालू करायला गेलात की कुठला जुना ड्रायव्हर आड येतो त्याची यादी तोच दाखवतो. ही तपासणी विंडोज १० वरच करता येते, काही फॉरमॅट करायची गरज नाही. यादीत लॉकचा ड्रायव्हर दिसला तर आधी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावून नवा ड्रायव्हर मागा, मग पुढचं.

आता ‘पात्र नाही’बद्दल. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट जमेल असा यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) बोर्ड, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. (४ जीबीवर काम करून बघा म्हणजे कळेल, ८ च्या खाली जाऊच नका.) शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. पिढी मॉडेल नंबरमधल्या रेघेनंतरच्या आकड्यावरून कळते: ४१७० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. म्हणजे तुमचे दोन आय३ खरोखरच बाद आहेत, पण ८४०० नाही. त्याला शेरा आला तो बहुधा बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) टीपीएम बंद असल्यामुळे. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी या नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. वेगळी चिप विकत आणायची गरज नाही. असं सांगून चिपचे पैसे घेणारा कुणी भेटला तर नमस्कार करून निघा.

पीटीटी चालू केलं की पुढचा अडथळा असा, की डिस्क पार्टिशनच्या जुन्या, एमबीआर पद्धतीची असते (नवी ती जीपीटी) आणि पीसी ‘लेगसी’ मोडमध्ये सुरू होत असतो. विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, ते डेटा न उडवता डिस्क बदलून देतं. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. डिस्क बदलल्यावर बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे लेगसी मोडची सोय, बंद करायचं.

इथे माझी एकदा फजिती झाली होती. एका प्रेसमध्ये सीएसएम बंद केलं, सेव्ह केलं, पीसी पुन्हा सुरू झाला आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, चित्र काही नाही. मालक मागे उभे, हातात उद्याच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ. अर्धा तास रॅम काढ-घाल केली, तेव्हा कुठे लक्षात आलं की मॉनिटरची केबल जुन्या ग्राफिक कार्डाला लावलेली आहे. ते कार्ड यूईएफआयच्या आधीच्या जमान्यातलं, त्यामुळे सीएसएमशिवाय त्याला सुरुवातीचं चित्र दाखवताच येत नव्हतं. कार्ड उपसलं, केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली, लगेच चित्र आलं. तुमच्या ८४०० मध्ये वेगळं कार्ड असेल तर आधी ते काढून ठेवा. त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक आहे, पत्रिका आणि फ्लेक्सला तेवढं पुरतं.

रूफस (इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणारं टूल) वापरून टीपीएमची तपासणी टाळून आय३ वरही ११ बसवता येतं. मी दुकानदाराला तसं करून देत नाही. आज चालतं, पण अशा पीसीला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली तेव्हा तिने प्रोसेसरकडून जुन्या चिपना न कळणाऱ्या सूचना (इन्स्ट्रक्शन) मागितल्या आणि कोअर टू ड्युओवाले तिथेच गळाले. तुमचे आय३ त्यातून वाचतील, पण पुढच्या आवृत्तीला काय निघेल ते कोण सांगणार?

आता सगळ्यात कामाची गोष्ट. काहीही करायच्या आधी २५६ जीबीची एक नवी एसएसडी आणा. पीसी उघडा, जुनी डिस्क काढा, तिच्यावर मार्करने तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. नवं विंडोज नव्या एसएसडीवर टाका. लॉक चाललं नाही, प्रिंटर रुसला, एखादी फाइल सापडेना, तर सीएसएम पुन्हा चालू करून जुनी डिस्क लावली की पाच मिनिटांत दुकान पूर्ववत. या पद्धतीत एमबीआरटूजीपीटीची भानगडही येत नाही, कारण नवी डिस्क आपण पहिल्यापासूनच जीपीटी करतो. पेन ड्राइव्हवर ‘महत्त्वाचं तेवढं’ कॉपी करून फॉरमॅट मारणारे महिन्याभराने माझ्याकडे रडत येतात. महत्त्वाचं काय होतं ते गिऱ्हाईक जुनी फाइल मागायला आलं की कळतं.

फाँटचं प्रकरण वेगळं. श्रीलिपीत किंवा आयएसएम या तसल्याच सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (कुठल्याही पीसीवर वाचता येणारी प्रमाण पद्धत) नसतो. फाँट गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल. म्हणून सी ड्राइव्हमधलं फाँटचं फोल्डर आख्खं उचलून ठेवा. नेहमी लागणाऱ्या जुन्या फाइलींच्या आत्ताच पीडीएफ काढा. युनिकोडवाल्यांनाही एक छोटा झटका बसतो. ताज्या विंडोजमध्ये मंगल, कोकिळा, उत्साह हे फाँट नसू शकतात. त्याऐवजी निर्मला लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि एका पानात बसवलेला अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडतो. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ घेतलं की जागच्या जागी येतं. टायपिंगला इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक दोन्ही विंडोजमध्येच आहेत, कुठून काही उतरवून घेऊ नका. बसवून झालं की ‘दुसऱ्या वाऱ्या’ टाइप करून बघा. हा ऱ्य नीट उमटला की समजा गाडी रुळावर आहे.

सुरक्षेचं बोलायचं तर डीटीपीच्या दुकानात व्हायरस दोन वाटांनी येतो: गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आणि आपलाच ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. फुकट सॉफ्टवेअर चालू करून देणारे हे प्रोग्रॅम पहिली सूचना देतात ती ‘अँटिव्हायरस बंद करा’. त्याच पीसीवर वडील बँकेचं काम करतात आणि डीएससी लावतात, हे लक्षात घ्या. नव्या एसएसडीवर त्यातलं काही चढवू नका. रोजच्या कामाला साधं खातं ठेवा, अ‍ॅडमिनचं वेगळं.

दोन बदल तुम्हाला नक्की जाणवतील. एक, शेअरिंग. आजवर एका पीसीवरचं फोल्डर दुसऱ्याने बिनपासवर्ड उघडायची सवय असते. ११ च्या प्रो आवृत्तीत २४एच२ पासून असलं पाहुणं शेअरिंग मुळातच बंद आहे. नेटवर सेटिंग फिरवायचे उपाय मिळतील, ते करू नका. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे ‘दुकान’ नावाचं एक खातं पासवर्डसकट तयार करा आणि बाकीच्या पीसींवर एकदा तो टाकून ठेवा.

दुसरा बदल जास्त महागात पडू शकतो. नवं ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की बऱ्याच पीसींवर डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खातं कुणाचं? बऱ्याचदा इन्स्टॉल करून देणाऱ्या पोराचं, कारण तुमच्या वडिलांना ईमेल आठवत नव्हता आणि त्याला घाई होती. पुढे कधी बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली जाते आणि पोरगा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो. खातं वडिलांच्या नावाचं काढा, किल्लीचा प्रिंट मारा (प्रिंटर दुकानातच आहे) आणि जीएसटीच्या फायलीत लावून टाका.

उरले दोन आय३. एकावर लिनक्स मिंट २२ टाका. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत आणि एसएसडी लावली तर चौथ्या पिढीचा आय३ त्यावर छान पळतो. ऑनलाइन अर्ज भरणं, पीडीएफ, झेरॉक्सच्या प्रिंटा एवढं त्याच्यावर होऊन जाईल. मराठी टायपिंगला आयबसमध्ये (लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत) एम१७एन या कीबोर्डसंचामधला इनस्क्रिप्ट घ्या. पण आधी पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं सुरू करा, डिस्कला हात न लावता, आणि दोन्ही प्रिंटरवर पान काढून बघा. जुन्या स्वस्त लेझरपैकी काही स्वतः फारसा विचार करत नाहीत, सगळं काम पीसीकडून करून घेतात. एचपी लेझरजेट १०२० सारख्याला तर दर वेळी चालू केल्यावर पीसीने फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) भरवावं लागतं, आणि लिनक्समध्ये त्यासाठी एचपीएलआयपी या एचपीच्या ड्रायव्हरचं वेगळं प्लगइन घ्यावं लागतं. पान निघालं तर मिंट, नाही तर तो प्रिंटर विंडोजच्या पीसीला.

पेजमेकर आणि श्रीलिपी वाईनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) मिंटवर चालवायचा हट्ट करू नका. हौस म्हणून ठीक आहे, गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही.

शेवटचा आय३ आहे तसाच विंडोज १० वर ठेवा, पण त्याची नेटची केबल काढून टाका. जुन्या पेजमेकरच्या फाइलींपुरता तो म्हातारा कोपऱ्यात बसू दे. फाइल न्यायची-आणायची तर दुकानाचा एकच ठरलेला पेन ड्राइव्ह, आणि तो आधी ११ वाल्या पीसीवर स्कॅन करून. त्याला नेट लागणारच असेल तर विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पण ती मुदतवाढ आहे, तिच्यावर बेत आखू नका.

डीएससीचं टोकन फक्त ८४०० वर लावा. ड्रायव्हर ज्यांनी टोकन दिलं त्यांच्याच साइटवरून घ्या आणि जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आधी एकदा सही करून बघा. २० तारखेला संध्याकाळी नको.

श्रीलिपीची आवृत्ती कोणती आणि प्रिंटरची मॉडेलं कोणती ते खाली लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगतो.