इलेक्ट्रिक टेम्पो घेताय? रेंजच्या आधी तुमची फेरी मोजा

प्रश्न : तुर्भे मार्केटमधून दादरला भाजी टाकतो. छोटा इलेक्ट्रिक टेम्पो बघतोय, कंपनी एका चार्जिंगला 155 किलोमीटर सांगते. तेवढा जाईल का, की मोठ्या बॅटरीचा घेऊ?

दादा, 155 हा टाटा एस प्रो ईव्हीचा आकडा आणि तो टेस्टिंगमधला आहे. बॅटरी 14.4 युनिटची (वीजबिलातलं युनिट, kWh), म्हणजे एका युनिटला पावणेअकरा किलोमीटर. भरल्या गाडीने सायनचं ट्रॅफिक काढताना हे अ‍ॅव्हरेज मिळेल असं धरून चालू नका, मी हिशोबाला 100 च धरेन. पण तुर्भे-दादर जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास होतं, म्हणजे दोन फेऱ्या तरी कशाबशा बसल्या, तिसरी मारायची तर मध्ये चार्जिंगला लावावीच लागेल.

आता मोठ्या बॅटरीचं बघा. एस ईव्ही 1000 मध्ये 21.3 युनिट आहेत, जवळपास दीडपट, पण रेंज 161 च! मग वाढलेली बॅटरी गेली कुठे? वजनात. तिचं पासिंग, म्हणजे माल न्यायची मर्यादा, 1 टन आहे, प्रोचं 750 किलो. म्हणजे जादा युनिट कंपनीने किलोमीटरला दिलेच नाहीत, माल ओढायला दिलेत, आणि शोरूममध्ये हे कुणी आपणहून समजावत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून तुम्ही एकच बघा, तुमचा हौदा आधी भरतो की पासिंग आधी संपतं? पालेभाजी असेल तर हौदा आधी भरतो, छोटी गाडी बास. कांदा-बटाटा असेल तर 1 टनवालीच घ्या. आणि डिझेलवर ओव्हरलोड टाकायची सवय असेल तर ती आधी मोडा, कारण इथे रेंज लगेच खाली येते.

प्रश्न : शोरूमवाला म्हणतो बॅटरी भाड्याने घ्या, गाडी स्वस्तात पडेल. फसवतोय का? (भिवंडी)

फसवत नाहीये, ही विकायची पद्धत आहे. ईव्हीत सगळ्यात महाग बॅटरी, ती किमतीतून बाजूला काढली की आकडा एकदम खाली येतो. एमजीने 2024 मध्ये विंडसर कार अशीच आणली, 9.99 लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. तुम्ही तीन गोष्टी लेखी घ्या : महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे भरायचेच आहेत, पावसाळ्यात गाडी उभी राहिली तर काय, आणि गाडी विकली की करार कुणाच्या गळ्यात. काम रोजचं बांधलेलं असेल तरच यात पडा. आणि कुणी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची सबसिडी मिळवून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका, चारचाकी मालगाड्यांत ती साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकला आहे, त्यातही जुना ट्रक स्क्रॅप केल्याचं सर्टिफिकेट लागतं.

प्रश्न : अमेरिकेत फोर्डने इलेक्ट्रिक पिकअप बंद केली, मग आपण कशाला या भानगडीत पडायचं?

फोर्डने ती पिकअप, एफ-150 लाइटनिंग, 2021 मध्ये दाखवली तेव्हा 40 हजार डॉलरच्या आतली किंमत सांगितली होती, पुढे ती बरीच वाढली. बॉनेटखाली कुलूपबंद डिकी, करंट गेला तर घर चालवायची सोय, गाडी छानच होती. पण तिकडे पिकअपला मागे बोट नाहीतर मोठा ट्रेलर लावून लांब जायचं असतं आणि ट्रेलर लागला की रेंज निम्म्यावर येते, मोठी 131 युनिटची बॅटरी असली तरी. शेवटी डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने जाहीर केलं की पुढची लाइटनिंग बॅटरी भरायला इंधनावरचा जनरेटर असलेली येणार. त्याच देशात स्लेट नावाची नवी कंपनी उलट्या वाटेने निघालीय, दोन सीट, हाताने फिरवायच्या काचा, रंगसुद्धा एकच, रेंज 240 किलोमीटरच्या आसपास. मला हा विचार जास्त पटतो, कारण एका गाडीकडून सगळंच करून घ्यायला गेलं की बॅटरी फुगते, वजन वाढतं, किंमतही. आपल्याकडे उरणला जेएनपीए बंदराने 2025 मध्ये रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायचे हेवी ट्रक आणले ते म्हणूनच जमतं, बंदराचा रूट ठरलेला असतो.

प्रश्न : छोटा इलेक्ट्रिक टेम्पो बोरघाट चढेल का?

चढेल. खोपोलीपासून वर साडेपाचशे मीटर उंची आहे, मालासकट दीड टन वजनाच्या गाडीची नुसत्या चढणीला अडीच-तीन युनिट जातात, म्हणजे 14.4 मधला पाचवा हिस्सा, तेवढे धरूनच निघा. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी थोडी परत भरते. फक्त लोणावळ्यात फुल चार्ज करून लगेच खाली उतरू नका, बॅटरीत जागाच नसेल तर ते परत येणारं जाणार कुठे, सगळा भार ब्रेकवर येतो. 80 टक्क्यांवर प्लग काढा आणि मग उतरा.