पळपुट्या कोगोरोबद्दल, तुला

प्रिय,

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला आणि चहा तसाच गार झाला. पोलीस आले त्या रात्री तू मागच्या गेटनं निघालीस, आता कॅन्टीनमध्ये तू आलीस की मंडळी टेबल बदलतात, आणि तू विचारतेस, "सर, मी पळपुटी आहे का?" जपानी शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलंस, तर उत्तरही तिकडचंच घे.

टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक दगड आहे. माणसं फोटो न काढता पुढे जातात. साइतो याकुरोंची रेनपेइकान ही तलवारबाजीची शाळा तिथे होती. एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, तीन नावाजलेल्या शाळांपैकी एक. चोशू संस्थानाचा कात्सुरा कोगोरो, मूळचा वैद्याचा मुलगा, १८५२ मध्ये तिथे आला आणि वर्षभरात विद्यार्थ्यांचा प्रमुख झाला. १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पेरीची काळी जहाजं एदोजवळ उरागाला लागली आणि तलवार शिकायला आलेली पोरं राजकारणात ओढली गेली. गंमत बघ, त्या संप्रदायाच्या नियमातच लिहिलेलं, की शस्त्र हे अशुभ साधन, जन्मभर वापरायची वेळ आली नाही तर भाग्य समजा. एवढ्या तयारीचा हा गडी, पण त्यानं तलवारीनं कुणाला मारल्याचा धड पुरावा नाही.

त्याचं नाव काय पडलं? 'निगे नो कोगोरो'. पळपुटा कोगोरो.

जुलै १८६४. क्योतोतल्या इकेदाया सराईत शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, विरोधकांची बैठक होती, त्याच्या शिन्सेनगुमी या पथकानं छापा घातला, साथीदार कापले गेले. कात्सुरा वाचला. तो नंतर सांगे, मी लवकर पोहोचलो, कुणी आलं नव्हतं म्हणून त्सुशिमा संस्थानाच्या वाड्यावर गेलो. दुसरी हकिगत अशी, की तो छपरावरून निसटला. खरं काहीही असो. पुढच्याच महिन्यात चोशूचा क्योतोत पराभव झाला. तेव्हा म्हणे तो निजो पुलाखाली भिकाऱ्यांत लपला आणि इकुमात्सु नावाची गेइशा त्याला भाताचे गोळे नेऊन देई. मग इझुशी या आडगावी जाऊन त्यानं किरकोळ सामानाचं दुकान थाटलं. एदोच्या शाळेचा प्रमुख गल्ल्यावर बसलेला!

आता मुद्द्यावर ये. १८६५ मध्ये तो चोशूला परत गेला. ज्यांचे भाऊ मेले होते, त्यांच्यात जाऊन उभा राहिला. म्हणून १८६६ मध्ये शोगुनविरुद्ध सात्सुमा संस्थानाशी करार करायला चोशूकडून तो होता. परत गेला, म्हणून होता.

त्या तीन शाळांतल्या मोमोईंच्या शाळेत असाच प्रमुख झालेला तोसा संस्थानाचा ताकेची हानपेइता जागचा हलला नाही. १८६५ मध्ये त्याला पोट चिरायला लावलं. तुझ्या मित्रांना तोच आवडेल. मलाही आवडायचा, विशीत.

विशीतच आम्ही वसतिगृहात उपोषणाला बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मी उठलो. मला वाटलं होतं, आज मागणी मान्य होणार नाही, उगाच मरू नये. हे आजही चुकीचं वाटत नाही. माझा मित्र अकरा दिवस बसला आणि मूत्रपिंडाचं दुखणं घेऊन उठला. माझ्या उठण्यानं तो आजारी पडला नाही, हे मी गेली चाळीस वर्षं स्वतःला समजावतोय. आत्ता तुलाही समजावलंच की. पण त्याला बघायला मी दवाखान्यात गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. मग नोकरी, जपान. तो अजून तिथेच राहतो, नंबर माझ्याकडे आहे.

तेव्हा ते गेट, ती रात्र, बरोबर की चूक, हा कीस पुरे कर. निघालीस ना? निघालीस. आता परत जा. ते तोंड फिरवतील, तू तिथेच बस. पत्रक लिहू नकोस, स्पष्टीकरणाचा मेसेज तर मुळीच नको. आत घेतलेल्या पोरांचे जामीन, तारखा, घरच्यांचे फोन, ही कामं कुणी करतंय का बघ. नसेल करत तर तू कर. आणि "पण सर, ते मला..." हे मला ऐकवू नकोस. परत जा.

शनिवारचा तास मी रद्द करतोय. आधी तिकडे जाऊन ये.

तुझा,
सर