घरगुती लेप लावण्यापूर्वी
लेपाने सुरकुत्या पुसल्या जातील ही अपेक्षा तुम्ही आधीच सोडून द्यावी. दही, बेसन आणि चिमूटभर हळद यांच्या लेपाने त्वचेचा वरचा मृत थर थोडा सैल होतो, कारण दह्यात लॅक्टिक आम्ल असते, आणि चेहरा काही काळ नितळ दिसतो, इतकेच. माझ्या मते तेही पुरेसे आहे. लेप वाळून ताणू लागण्याआधी, साधारण 10 ते 15 मिनिटांत, कोमट पाण्याने धुवावा. लिंबू मात्र चेहऱ्याला लावूच नये: त्याच्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) 2 ते 3 च्या आसपास असतो, त्वचेचा सुमारे 5, आणि रस लावून मिरामारच्या किनाऱ्यावर उन्हात फिरल्यास फोड व काळे डागही येऊ शकतात. गोव्याच्या दमट हवेत खोबरेल तेलाने मुरुमे वाढण्याचा संभव असतो, मग घरातली आजी काहीही म्हणो. प्रत्येक नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. अकाली सुरकुत्यांचे मुख्य कारण ऊन असल्याने एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा अंक) 30 किंवा अधिकचे सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीही, लावणे कोणत्याही लेपापेक्षा अधिक फलदायी ठरते. बाहेर असल्यास दर 2 तासांनी ते पुन्हा लावावे.