मुदतपूर्व बाळाचे ऐकणे आणि बोलणे
तुमचे बाळ ३० व्या आठवड्यात जन्मले असेल, तर त्याच्या बोलण्याचा हिशेब पहिली दोन वर्षे तरी जन्मतारखेपासून न मांडता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मांडा. इतर बाळांशी तुलना करून आम्ही कितीतरी रात्री उगीच जागून काढल्या. श्रवणचाचणीला मात्र ही सवलत देऊ नका. अतिदक्षता विभागात ५ दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाला केवळ ओएई चाचणी (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी) पुरत नाही, कारण ती आतल्या कानापर्यंतचेच सांगते आणि श्रवणनाडीतील दोष तिच्यातून निसटू शकतो. म्हणून आवाज श्रवणनाडीतून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणाऱ्या बेरा चाचणीचा आग्रह धरा. श्वसनयंत्र, तीव्र कावीळ, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके यांमुळे श्रवणदोषाचा धोका वाढतो, म्हणून त्यांची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे ना, तेही पाहा. चाचणीचा निकाल चांगला आला, तरी पुढची तपासणी चुकवू नका, कारण काही दोष उशिरा प्रकटतात. चाचणीत दोषाची शंका आलीच, तर त्याचे पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्याच्या आत व्हायला हवी.

घरी बाळाशी भरपूर बोला, पण मध्ये थांबून त्याला वेळही द्या. माझा आवाज ऐकताच आमची मुलगी दूध ओढायची क्षणभर थांबे आणि मी गप्प झाले की पुन्हा चोखू लागे. ते तिचे उत्तर होते, हे मला फार उशिरा उमगले.