बऱ्याच वर्षांनी टेबल टेनिस पुन्हा सुरू केले आहे. अधिक वेगवान पण संपूर्ण लाकडी ब्लेड (रॅकेटची रबराखालची फळी) कोणते घ्यावे?

तुम्ही लिहिले आहे की 1990च्या दशकाच्या अखेरीस तुम्ही विद्यापीठाच्या संघातून खेळत होतात, मग नोकरी-संसारात खेळ सुटला आणि आता पुन्हा क्लबवर जाऊ लागला आहात. हातात तेव्हाचेच स्टिगा कंपनीचे ऑलराउंड क्लासिक ब्लेड आहे, त्याला दोन्ही बाजूंनी नवी रबरे लावून घेतली आहेत, तरी टेबलापासून दोन पावले मागे गेल्यावर तुमच्या फोरहँड लूपला (चेंडू वरच्या दिशेने घासून फिरकी देणाऱ्या फटक्याला) जोर उरत नाही. कार्बनचा थर असलेले ब्लेड तुम्हाला नको आहे, आणि क्लबवरची मंडळी सात प्लायचे, म्हणजे लाकडाच्या सात थरांचे, क्लिपर ब्लेड घ्या असे सुचवत आहेत. माझे मत असे की क्लिपर घेऊ नका. पाच प्लायचे, सध्याच्या ब्लेडपेक्षा किंचित जाड आणि एकच पायरी वेगवान असे ब्लेड घ्या.

तुम्हाला जाणवणारा संथपणा सगळाच ब्लेडचा नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तुम्ही खेळत होतात तेव्हा चेंडू 38 मिलिमीटरचा होता. 2000 मध्ये तो 40 मिलिमीटरचा झाला आणि 2014 पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचा आला. मोठ्या चेंडूला हवेचा विरोध जास्त होतो, त्यामुळे लांबून मारलेला फटका पलीकडे पोहोचेपर्यंत मंदावतो, आणि चेंडूवर फिरकीही पूर्वीइतकी चढत नाही. शिवाय त्या काळी सामन्याआधी रबराखालच्या स्पंजला स्पीड ग्लू लावण्याची पद्धत होती. स्पंज फुगून ताणला जाई आणि ऑलराउंड ब्लेडसुद्धा चांगलेच वेगवान वाटे. 2008 मध्ये त्यावर बंदी आली. आजची ताणयुक्त स्पंजाची रबरे ती उणीव बरीचशी भरून काढतात, पण सगळी नाही, म्हणून ब्लेड बदलण्याचा तुमचा विचार मला रास्त वाटतो. फक्त किती बदलायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

लाकडी ब्लेडचा वेग मुख्यतः त्याच्या ताठपणावर ठरतो आणि ताठपणा सर्वांत जास्त ठरतो तो जाडीवर. लाकूड आणि रचना तीच ठेवून जाडी वाढवली, तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 5.7 मिलिमीटरऐवजी 6.5 मिलिमीटर जाडी घेतली, तर कागदावर एक मिलिमीटरहून कमी दिसणारा हा फरक ताठपणात सुमारे दीडपट होतो. त्यानंतर महत्त्व येते बाहेरच्या थराला. लिम्बा हे तुलनेने मऊ लाकूड आहे, चेंडू त्यावर क्षणभर रुततो असे हाताला जाणवते. कोटो त्याहून कठीण असते आणि चेंडू चटकन सोडते. गाभ्यात बहुतेक वेळा आयुस असते, कारण ते हलके असून जाड कापले तरी वजन फारसे वाढत नाही. पाच प्लायच्या नेहमीच्या रचनेत बाहेरच्या दोन थरांच्या आणि गाभ्याच्या शिरा मुठीच्या दिशेने धावतात आणि मधले दोन थर आडव्या शिरांचे असतात. ब्लेड लांबीत किंचित लवते पण आडवे पिळवटत नाही, ते या आडव्या थरांमुळे.

आता क्लिपरविषयी. ते उत्तम ब्लेड आहे, आणि जो खेळाडू टेबलाजवळ उभा राहून सपाट फटके मारतो, ब्लॉक करतो, चेंडू उसळत असतानाच घेतो, त्याला ते मी बिनदिक्कत सुचवेन. परंतु लूप मारणाऱ्याचे गणित निराळे असते. चेंडू रबरावर जेमतेम एक सहस्रांश सेकंद टिकतो, आणि तेवढ्यात त्याला पुढे ढकलायचे आणि वरच्या दिशेने घासायचेही असते. लवचीक ब्लेडवर, हात थोडा उशिरा आला किंवा कोन थोडा चुकला, तरी घासणे साधते आणि चेंडू जाळीवरून कमान घेऊन पलीकडे पडतो. ताठ ब्लेडवर तोच उशीर झाला की चेंडू घासला जाण्याआधीच सुटतो आणि सरळ टेबलाबाहेर जातो. रोज सराव करणाऱ्याचा हात हा फरक सांभाळून घेतो. बऱ्याच वर्षांनी परतलेल्या खेळाडूचे डोळे आणि अंदाज लवकर परत येतात, पण पायांना वेळ लागतो, आणि पाय उशिरा पोहोचले की फटकाही उशिराच लागतो. तुमच्यासाठी पाच प्लायचा आग्रह मी धरतो, तो या कारणाने.

नावेच सांगायची तर माझी पहिली पसंती बटरफ्लायच्या कोर्बेलला आहे. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला चेक खेळाडू पेत्र कोर्बेल तुम्हाला त्या काळापासून आठवत असेल. हे ब्लेड त्याच्याच नावाचे आहे. ऑलराउंड क्लासिकवरून आलेल्या हाताला ते परके वाटत नाही आणि मागून मारलेल्या लूपला मात्र निश्चित बळ देते. टिभारचे स्ट्रॅटस पॉवर वूड याच जातकुळीचे आहे. नित्ताकूचे अकूस्टिक स्पर्शाच्या बाबतीत मला सर्वांत आवडते, पण ते महाग आहे, आणि पुन्हा सुरुवात करताना एवढा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. खर्च कमी ठेवायचा असेल तर यासाकाचे स्वीडन एक्स्ट्रा पाहा. निरनिराळ्या कंपन्यांनी छापलेली ‘ऑफ’, ‘ऑफ मायनस’ ही वेगाची वर्गवारी एकमेकींशी ताडून पाहू नका. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी स्वतंत्र आहे.

वजनाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका. लाकूड नैसर्गिक असल्याने एकाच नावाच्या दोन ब्लेडांच्या वजनात पाच-सात ग्रॅमचा फरक सहज असतो. 86 ग्रॅमचे ब्लेड आणि कापलेली प्रत्येकी 47 ग्रॅमची दोन रबरे धरली, तर रॅकेट 180 ग्रॅमची होते, आणि हे तुमच्या खांद्याला पेलेल असे वजन आहे. क्लिपर बहुधा 90 ग्रॅमच्या पुढेच मिळते, हेही ते टाळण्याचे एक कारण. दुकानदाराला वजनकाट्यावर ठेवून दाखवायला सांगा. टेबल टेनिसचे साहित्य नेमाने विकणाऱ्याला ही मागणी नवी नसते. मागवून घेणार असाल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच मागवा आणि 84 ते 88 ग्रॅम असे लिहून कळवा. मुठीचा आकार मात्र जुनाच ठेवा, कारण सरळ मूठ सोडून फुगीर घेतली की बॅकहँडचा कोन नकळत बदलतो.

क्लबवर कोणाकडे यांपैकी एखादे ब्लेड असेल तर ते मागून घेऊन खेळून पाहा, आणि पहिल्या जोरदार लूपवर मत बनवू नका; वेगवान ब्लेडवर तो सर्वांनाच आवडतो. त्याऐवजी समोरच्याला आखूड, खालच्या फिरकीची सर्व्हिस करायला सांगा आणि ती आखूडच परत करता येते का ते पाहा. पुश (खालच्या फिरकीने चेंडू हलकेच परत करणारा फटका) सारखा उंच उठत असेल किंवा टेबलाच्या टोकापर्यंत लांबत असेल, तर ते ब्लेड सध्या तुमच्यासाठी जास्त आहे. रबर न लावलेले ब्लेड हाती आले तर मूठ सैल धरून त्यावर चेंडू टाका आणि आवाज ऐका: ताठ ब्लेडचा आवाज उंच, टणक येतो, लवचीक ब्लेडचा खालच्या पट्टीतला. तुमच्या जुन्या ब्लेडशेजारी ठेवून ऐकले की फरक लगेच कळतो.

नवे ब्लेड आले की त्यावर हीच रबरे चढवा. ब्लेड आणि रबर एकदम बदलले तर चूक कशामुळे होते आहे ते कळणार नाही. काही आठवड्यांनंतरही चेंडू लांब जात असेल, तर पुढच्या वेळी स्पंज 2.1 ऐवजी 1.9 मिलिमीटरचा घ्या.

रबरे चढवण्यापूर्वी ब्लेडला पाण्यावर आधारित वार्निशचा एकच पातळ हात द्या आणि रात्रभर सुकू द्या. लिम्बाच्या वरच्या थराच्या शिरा सैल असतात. वार्निश नसेल तर पुढच्या वेळी रबर सोलताना लाकडाचे कुसळ त्याच्याबरोबर निघून येते. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत लाकूड ओल धरते, तीही या थराने बरीच अडते. जाड थर मात्र देऊ नका, त्याने स्पर्श कडक होतो. चिकटवायला पाण्यावर आधारित ग्लूच वापरा. पूर्वी वापरले जाणारे सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन आता स्पर्धेत चालत नाही आणि त्याची वाफ फुप्फुसांनाही घातक आहे. रबर काढताना ते मुठीकडून वरच्या टोकाकडे, शिरांच्या दिशेने, हळूहळू सोला.